आईच्या माहेराची चौकशी

आमच्या आईनं सबंध नोकरी सातारच्या बसस्थानकावर, चौकशीच्या खिडकीत काढली. कुठली गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावर, चुकली तर पुढची कुठली, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण स्वतःबद्दलची चौकशी निघाली की ही बाई खिडकी बंद करून मोकळी. ती दत्तक आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक. आजोबा मूळचे सातारचे, मराठवाड्यात शाळामास्तर होते, बदली होऊन इकडे येताना त्यांनी आणि आजीनं तिला आणलं, एवढंच. कुणाची, का दिली, असं विचारलं की आईचं ठरलेलं उत्तर असायचं, "मुलगी झाले, नको असेन. दिली टाकून." आणि लगेच पुढे, "कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?"

मागे तिला तापानं घेरलं. मी उशाशी बसले होते. डोळे मिटूनच म्हणाली, "विजू, मी एवढी काय नकोशी झाले असेन गं?" सत्तरीची बाई, दोन नातवंडांची आजी, आणि हा प्रश्न ती लहानपणापासून उराशी धरून बसलेली. मला रडूच आलं. ताप उतरल्यावर मी मराठवाड्याची तिकिटं काढते म्हटलं, तर फणकारली, "मी असलं काही बोललेच नाही, तापात माणूस काहीही बरळतं." शेवटी तोडगा निघाला. ती नरसीला नामदेवांच्या दर्शनाला येणार, बाकी मी काय उचापती करायच्या त्या करायच्या, तिचा काही संबंध नाही.

हिंगोली

रात्रीच्या प्रवासाचं सांगत नाही. त्यात सांगण्यासारखं फक्त पुढच्या सीटवरच्या माणसाचं घोरणं होतं. सकाळी हिंगोलीत उतरलो आणि आई तडक चौकशीच्या खिडकीकडे गेली. मला वाटलं, काही विचारणार. छे! तपासणीला साहेब यावा तशी ती आतल्या माणसाचं काम बघत उभी राहिली. नरसीची गाडी कधी, असं कुणी विचारलं. तो म्हणाला, येऊन राहिली. आई माझ्या कानाशी पुटपुटली, येतेय का राहिलीय, एक काय ते धड सांगावं माणसानं. मी तिला समजावलं, इकडे येऊन राहिली म्हणजे येतेय. गाडी खरंच आली, तीही वेळेवर, पण ते काही तिनं कबूल केलं नाही.

गाडीआधी नाष्ट्याला सुशीला खाल्ली. चुरमुरे भिजवून, पिळून, फोडणीत परतायचे आणि वर डाळ्याचं कूट. सातारला कुणी चुरमुरे भिजवले तर लोक त्याला वेड्यात काढतील, आमच्याकडे भडंग कसं कुडकुडीत हवं. मी पोळी-भाजी केंद्र चालवते, त्यामुळे परक्या गावात गेलं की माझं निम्मं लक्ष कढईत असतं. ही सुशीला मला फार आवडली. आईनं अख्खी बशी संपवली आणि मग म्हणाली, जरा मऊ पडलंय.

नरसी

कयाधूच्या काठचं हे गाव. देवळाच्या वाटेवर प्रसादाची दुकानं, आणि पंजाबातून आलेली एक अख्खी बस. पगडीवाली म्हातारी माणसं नामदेवांना आपल्या आजोबांना भेटावं तशी भेटत होती. आईला त्यांचं भारी कौतुक वाटलं. कुठले लोक, किती लांबून येतात बघ, म्हणाली. मी म्हटलं, आपणही काही जवळून आलेलो नाही. त्यावर तिनं डोळे मिटून हात जोडले.

इकडे एक पद्धत आहे, ती आधी कळली असती तर आईला मी तोंडावर पदर घ्यायला लावून नेलं असतं. बाईमाणूस दिसलं की दुसऱ्याच वाक्याला माहेर विचारतात. सातारला आम्ही आधी पत्ता विचारतो, मग नोकरी, आणि माहेराचा विषय चहा झाल्यावर. बत्तासे देणाऱ्या बाईनं पुडी बांधता बांधता विचारलं, माहेर कोन्तं माय. आई म्हणाली, सातारा. आणि सासर? तेही सातारा. भाऊ किती? एकही नाही. बाईचा हात थांबला. भावाशिवायचं माहेर म्हणजे तिच्या मते फार मोठी तकलीफ होती. तिनं मूठभर बत्तासे जास्तीचे घातले आणि देवाला सांगा म्हणाली. आई पुडी घेऊन तरातरा निघाली. पुढे गाडीत ते बत्तासे तिनं एकटीनं खाल्ले, मला एकही दिला नाही.

डोंगरकडा

आजीनं जाण्याआधी मला एवढंच सांगितलं होतं, डोंगरकड्याच्या पलीकडची वाडी, शाळा मारुतीच्या पारावर भरायची, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला हवेला हळदीचा वास. वाडीचं नाव विचारलं तर कूस बदलून झोपली होती. वासाचं मात्र तिनं खरं सांगितलं. कळमनुरी सोडल्यापासून दोन्ही बाजूंना हळदच हळद. कुठे शिजवतायत, वाफेचे लोट उठतायत, कुठे शिजलेली पसरून वाळत घातलीय. बायकांच्या पायांच्या टाचासुद्धा पिवळ्या. आई म्हणाली, आमच्याकडची हळद जास्त पिवळी असते. मी म्हटलं, हो, तुझ्याचकडची.

डोंगरकड्याला फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात मी विषय काढला आणि तिथं पंचायतच भरली. जुन्या काळी कुठल्या वाडीची शाळा मारुतीच्या पारावर भरायची, असं मी विचारलं. एक म्हातारा म्हणाला, आमची. दुसरा म्हणाला, आमची बी. तिसऱ्यानं मला समजावलं की ताई, तवा समद्याच शाळा मारुतीच्या पारावर. कोणता मारुती उजव्या सोंडेचा असल्यासारखा त्यांचा वाद रंगला. मारुतीला सोंड नसते हे मलाही ठाऊक आहे, पण वाद त्याच थराला गेला होता. आई रस्त्याकडे तोंड करून, आम्ही एकमेकींच्या कुणी नाही अशी बसलेली. मग मला सुचलं आणि मी विचारलं, कुठं साताऱ्याचे गुरुजी होते का.

सगळ्यांत कडेला बसलेल्या आजोबांनी बशी खाली ठेवली. "सातारचा गुरुजी? पोरगी घेऊन गेल्ता, तो?"

आईनं रस्त्याकडचं तोंड वळवलं नाही, पण तिच्या हातातला चहा सांडला. म्हाताऱ्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढे कुणी काही विचारलं नाही. एकानं ऑटो थांबवला, चालकाला सांगितलं, सोपानरावाच्या घरी सोड. चहाचे पैसे घेतले नाहीत.

वाडी

वाडीचं नाव मी लिहीत नाही, सोपानमामांनी नको म्हटलंय. तेव्हा ते मामा नव्हते. अंगणात हळद वाळत होती आणि एक साठी ओलांडलेला माणूस कोंबड्यांना दरडावत होता, उजवं बोट वर करून, मान तिरकी करून. मी आईकडे पाहिलं. ती आयुष्यभर उतारूंना असंच दरडावत आलीय. मला हसू फुटलं. तिनं मला कोपर मारलं, म्हणजे तिलाही दिसलं होतं.

मी कोण, कुठली, कशासाठी आले ते सांगितलं. सोपानरावांनी ऐकलं, पाय धुवायला पाणी दिलं, सतरंजी टाकली, आणि आईला म्हणाले, बसा, गुरुजींच्या लेकीबाई. पण गुरुजींच्या लेकीबाईच्या पुढे बोलणं काही सरकेना. मग आतून त्यांच्या चुलतीला धरून आणलं. थोरल्या चुलतीला इकडे मोठी माय म्हणतात. ही मोठी माय नव्वदीच्या घरातली, कानानं कमी, नजरेनं पक्की. ती आईसमोर बसली, आईचा हात हातात घेतला आणि बघत राहिली.

आणि आमच्या आईनं जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी चौकशी केली. "मी या घरची आहे का?"

मोठी माय म्हणाली, "न्हाई माय. तू गुरुजीची. या घरची न्हाईस."

मी सोपानरावांकडे पाहिलं. ते खाली बघत होते. आई उठली, पिशवी उचलली, मला म्हणाली, झाली चौकशी, चल. चेहरा असा की जणू गाडी रद्द झाल्याचं जाहीर करतेय. मोठी माय तिचा हात सोडत नव्हती, हे मला दिसत होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. आईनं तो सोडवून घेतला आणि फाटकाबाहेर गेली.

बाहेर ऑटो नव्हता. चालक म्हणे कुणाची तरी हळदीची पोती टाकायला गेला होता, येऊन राहिला. आता या येऊन राहिलाचा अर्थ आम्हाला कळत होता, तो कधी येईल ते कळत नव्हतं. आई लिंबाखालच्या कट्ट्यावर बसली आणि रडली. आवाज न करता, पदर तोंडात कोंबून. मला इतका राग आला होता की मी परत आत जाऊन भांडणारच होते. तेवढ्यात सोपानराव पळत आले.

"ताई," म्हणाले, आणि जीभ चावली. "म्हंजी, ताई म्हनायचं न्हाई अजून."

आई म्हणाली, मग काय म्हणायचं ते ठरवून या. ते खाली मातीतच बसले आणि सांगू लागले.

आईच्या आधी त्या घरात तीन लेकरं झाली आणि तिन्ही गेली. चौथ्या वेळी मुलगी झाली, ती आई. घरानं जुना उपाय केला. लेकरू आपलं नाहीच, असं करायचं, म्हणजे नेणारी नजर फसते. ते दुसऱ्याला विकायचं, सुपभर कोंड्याला. गिऱ्हाईक लांबच्या मुलखातलं असलेलं बरं म्हणून समोर राहणाऱ्या गुरुजींच्या बायकोला विकलं. तिनं सुपातून कोंडा दिला, लेकरू पदरात घेतलं, आणि हसत हसत परत पाजायला आणून दिलं. नाव ठेवलं कोंडाबाई. लेकराला पाच वर्षं पुरी होईपर्यंत घरच्यांनी तिला आमची म्हणायचं नाही, कुणी विचारलं तरी नाही. म्हटलं की लेकरू जातं. पाच वर्षांनी कोंडा परत द्यायचा आणि लेकरू सोडवून आणायचं. गावात अशी कोंडिबा, धोंडिबा, दगडूबाई पुष्कळ होती, सगळी सुटून घरी आली.

"तुमी तिसऱ्या वर्साच्या व्हतात आन् गुरुजीची बदली झाली," सोपानराव म्हणाले. "गुरुजीची बाई बोलली, पोरगी माझी हाय, मी घेतलेली हाय. गावासमोर इचारलं मायला, तुझी हाय का म्हून. माय काय बोलंल? आमची म्हनली असती तर तुमी गेल्या असत्या. उभी राह्यली नुसती."

आईनं विचारलं, मग पाचव्या वर्षी? पाचव्या वर्षी बाप कोंड्याची पिशवी घेऊन गुरुजींचा माग काढत गेला. लांब कुठल्याशा गावात गाठलं. पोरगी त्या बाईचं बोट धरून शाळेत निघालेली, डोक्याला रिबिनी, तिला आई, आई म्हणून काही सांगत होती. बापानं रस्त्यावरूनच पाहिलं. कोंडा एका गाईला खाऊ घातला आणि परत आला. मायनं त्याच्याशी पुढचा सबंध हंगाम बोलणं टाकलं.

"आणि ती?" आई म्हणाली.

"माय जाऊन लई वर्सं झाली. शेवटपोतर तुमाला आमची म्हनली न्हाई. सोडवलंच न्हवतं, कशी म्हनंल? मी तिचा नंतरचा. मला मोठ्या मायनं सांगितलं समदं."

आईनं पदर झटकून सारखा केला. मग नाक पुसून म्हणाली, "कोंडाबाई. शोभाताई नाही, मालती नाही, कोंडाबाई." सोपानराव घाबरून माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना सांगितलं, घाबरू नका, ती बरी झाली की असं बोलते.

उंबरा

आम्ही परत आत गेलो तेव्हा मोठ्या मायनं माळ्यावरून सूप काढायला लावलं होतं. आपण जिवंत आहोत तोवर सोडवणूक होऊ शकते, असं तिचं म्हणणं. पण असलं काम सकाळी उंबऱ्यावर ऊन आल्यावर करायचं, म्हणून राहावं लागलं. जेवायला येसराची आमटी, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. येसर म्हणजे भाजून दळून ठेवलेलं पीठ, पाण्यात कालवून उकळलं की आमटी तयार. मी कृती विचारून घेतली. आईनं दोन वेळा वाढून घेतली आणि तिखट आहे म्हणाली नाही, यावरून काय ते समजा.

अडचण निघाली कोंड्याची. घराघरात गिरणीचं पीठ, चाळतो कोण? गुरांसाठी आणलेलं कोंड्याचं पोतं होतं, पण मोठ्या मायला तो कोंडा मान्य नव्हता. म्हणाली, जनावराचं खाणं देऊन लेकरू आणता का. मग शेजारच्या घरांतून गव्हाचं पीठ गोळा झालं आणि चाळण्या आल्या. मी रोज पहाटे पीठ चाळते, हात शिवशिवायला लागले, बसले त्या बायकांच्यात. एकीनं विचारलं, तुमी पाव्हण्या, तुमी काहून तकलीफ घेता. मी म्हटलं, सवय आहे. तेवढ्यात मोठी माय म्हणाली, चाळू द्या, मालकीण तीच हाय.

मला कळेना. मग सोपानरावांनी समजावलं. विकत घेणारी माझी आजी. ती गेली. आई तर विकलेलीच, ती स्वतःला काय देणार? वारस राहिले मी. कोंडा घेऊन लेकरू परत द्यायचं ते मी. म्हणजे मी आपल्या हातानं माझ्याच आईची किंमत चाळत बसले होते. सगळ्या बायका हसल्या, मीही हसले, पण चाळणी हातातून खाली ठेवली.

पाठीमागच्या पडवीत आई भांडी विसळत होती. कुणीही सांगितलं नव्हतं. मी तिला म्हटलं, मला हे करायचं नाही. आजीचं काय? तिनं तुला वाढवलं, आणि मी तिच्या नावावर तुला देऊन टाकू?

आई म्हणाली, "तिला ठाऊक होतं, विजू. ठाऊक असून नेलं. मला आज तिचा राग आलाय." मग पातेलं पालथं घालून म्हणाली, "आणि तरी आई म्हटलं की मला तीच दिसते, त्याला मी काय करू? तिच्या वतीनं तूच दे. तिनं स्वतः कधी दिलं नसतं, चिकट होती."

सकाळी ऊन आलं. मला उंबऱ्याबाहेर पाटावर बसवलं, आईला माझ्या शेजारी. आत मोठी माय, सोपानरावांनी दंडाला धरलेली, हातात सूप. रीत अशी की कोंडा घेतला की विकत घेणाऱ्यानं उठून अंगणात जायचं, मागे वळून पाहायचं नाही. मोठ्या मायनं विचारलं, कोंडा घेता, लेकरू देता? मला नुसतं दिलं म्हणायचं होतं. तोंडच उघडेना. मला वाटलं, मी दिलं म्हटलं आणि ही खरंच इथली झाली तर मी कुणाची? पन्नाशीला टेकलेली बाई मी, पण वाटलं खरं. मोठ्या मायनं परत विचारलं. आई माझ्या कानात म्हणाली, "बोल लवकर, गुडघे गेले माझे."

"दिलं," मी म्हटलं.

सूप घेतलं, उठले, अंगणात हळदीच्या कडेला जाऊन पाठ करून उभी राहिले. कोंबड्या लगेच कोंड्यासाठी पायांत आल्या. मागे आईला आत ओढून घेतल्याचा आवाज आला, बांगड्यांचा आणि पाट सरकल्याचा. मग मोठी माय बोलली. एवढ्याशा म्हातारीचा आवाज समोरच्या घरापर्यंत जाईल इतका मोठा निघाला.

"आमची हाय. कोंडा आमची हाय."

दोनदा, तीनदा तेच. मग कोण रडलं, किती जणी रडल्या, मला सांगता येणार नाही, कारण मी तिकडे पाठ करून हातात सूप घेऊन स्वतःच ढसाढसा रडत होते आणि पायानं कोंबड्या हाकलत होते. जन्मात एवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

जरा वेळानं मागून आईची पावलं आली. ती उंबऱ्यात उभी राहिली असणार. मी वळले नाही, वळायचं नव्हतं. मोठ्या मायला ऐकू जावं म्हणून ती खिडकीत बोलायची तशा खणखणीत आवाजात बोलली.

"आणि ही माझी आहे. हिला आत घ्या."